तोटा कोणाच्या खात्यावर

रुईचा स्टेपल, म्हणजे तंतूची लांबी, हातानं कसा काढायचा, हे मला कॉटन ग्रीनच्या एका गोदामात एका म्हाताऱ्या सिलेक्टरनं शिकवलं. गाठीच्या दोन्ही बाजूंचं तागाचं कापड कापायचं आणि आत हात घालून मूठभर रुई ओढायची. वरची बघायची नाही, वरची सगळेच नीट ठेवतात. मग त्यातला छोटा पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून हलकेच ताणायचा, निम्मा टाकायचा, उरलेला पुन्हा ताणायचा. असं चार-सहा वेळा केलं की आखूड तंतू गळून जातात आणि चिमटीत उरते एक रेशमासारखी पट्टी, दोन्ही टोकं सरळ. ती काळ्या कापडावर ठेवून लांबी वाचायची. मग ती कानाजवळ नेऊन झटक्यात तोडायची. चांगला तंतू तुटताना आवाज करतो, कच्चा नुसताच सुटून येतो. खोलीला उजेड उत्तरेचा हवा, कारण थेट ऊन आलं की रुईचा रंग फसवतो.

लांबी झाली की रंग, पत्तीचा कचरा, ओल. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांवर शंभर गाठींचा भाव ठरे आणि चिठ्ठीवर माझी सही असे. गिरणीनं माल नापास केला, तर वाद लवादाकडे जाई आणि जी सूट द्यावी लागे ती पेढीच्या खात्यात नावे पडे. संध्याकाळी मेहताजी खातं उघडून विचारत, हा सौदा कोणी पास केला? मत देऊन मोकळं होण्याची सोय त्या बाजारात कोणालाच नव्हती.

पुढे सरकारी समित्यांवर कापसाच्या भावाचा सल्लागार म्हणून बसू लागलो, तेव्हा मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. तिथे मत देणारी माणसं हुशार होती, बहुतेक प्रामाणिकही होती. पण मत चुकलं तर त्याचा भुर्दंड त्यांतल्या एकालाही पडणार नव्हता. तो पडणार होता वणीच्या, हिंगणघाटच्या, दारव्ह्याच्या कास्तकाराला, आणि त्याला त्या बैठकीची खबरसुद्धा नसे. व्यापारातून सरकारात गेलेल्या माणसानं तिथे काय न्यावं, असं मला आज कोणी विचारलं तर मी सांगेन, खातं न्यावं. प्रत्येक ठरावासमोर एक रकाना आखावा आणि त्यात लिहावं, हे फसलं तर पैसे कोणाचे जातील.

माझं गाव तारकर्ली. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी आणि मधे माडांची, सुरूंची चिंचोळी पट्टी. पुढे देवबागला नदी समुद्राला मिळते. इथल्या रेतीत कापूस होत नाही. त्याला ओल धरून ठेवणारी काळी जमीन लागते आणि बोंडं फुटायच्या दिवसांत कोरडी हवा. आमच्याकडे दोन्ही नाही. तरी माझ्या लहानपणी गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराला कापसाचा पगार होता, कारण घरातलं कोणी ना कोणी मुंबईला गिरणीत. माझे वडील रुई पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते आणि काका साच्यावर, म्हणजे मागावर. कार्डिंगमध्ये रुईचा बारीक धूर सतत हवेत असतो. वडील मे महिन्यात गावी येत तेव्हा पहिले काही दिवस रात्रभर खोकत आणि आई काही न बोलता चुलीवर पाणी ठेवी.

लालबागला गावच्या माणसांची एक सामायिक खोली होती. तिथे मी उतरलो, पण गिरणीत गेलो नाही. खोलीतल्या एका वडीलधाऱ्यांच्या ओळखीनं मला एका पेढीवर नमुने उचलण्याचं काम मिळालं. घरात ते कोणाला फारसं रुचलं नाही. गिरणीची नोकरी कायमची, आणि बाजारातली नोकरी शेठच्या मर्जीची, असं सगळ्यांचं मत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मूळचे आमच्या शेजारच्या देवबागचे, त्यामुळे गावात त्या संपाकडे सगळे घरच्या गोष्टीसारखं बघत. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. काका त्यांत होते. मी तोवर पेढीवर बऱ्यापैकी जबाबदारीच्या जागी आलो होतो. पहिले काही आठवडे बाजारात घबराट होती, कारण मुंबईच्या गिरण्यांची उचल एकाएकी थांबली. मग दलालांचे फोन कोइम्बतूरला, इचलकरंजीला, सहकारी सूतगिरण्यांना सुरू झाले. हंगाम संपायच्या आत आमच्या पेढीनं गिऱ्हाईक बदललं. माल जात राहिला, दलाली मिळत राहिली. काकांना गिऱ्हाईक बदलता येत नव्हतं. त्यांच्या हातातलं कसब एका साच्याला बांधलेलं होतं आणि तो साचा बंद होता. दुसऱ्या वर्षी ते गावी परतले ते कायमचेच.

त्या संपाबद्दल दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. मी पाहिलं ते एवढंच की एकाच धक्क्यानं व्यापारी काही महिन्यांत सावरला आणि कामगार उभ्या आयुष्यात सावरला नाही. पुढे कुठल्याही बैठकीत कोणी म्हणालं की बाजार आपोआप तोल साधतो, तर मी विचारायचो, किती दिवसांत आणि तोवर कोण उपाशी राहतो?

दर हंगामात मला वऱ्हाडात जावं लागे. खामगाव, अकोला, यवतमाळ, वणी. कोकणातल्या मुलाला ती सपाट, काळी, झाड नसलेली जमीन सुरुवातीला परकी वाटली. मग तिची सवय झाली आणि पुढे ओढही लागली. दिवाळीनंतर जिनिंग फॅक्टरीच्या आवारात बैलगाड्यांची रांग लागलेली असे, गाडीवर पांढरा ढीग, ढिगावर बसलेलं पोर. कास्तकार गाडीपासून हलत नसे. ग्रेडर हात घालून कापूस बघे आणि तोंडानं एक शब्द बोले. त्या एका शब्दावर घरातलं लग्न, बी-बियाण्याची उधारी, विहिरीचं काम सगळं अडलेलं असे.

कापसाचा हिशेब बाहेरच्या माणसाला वाटतो तितका सरळ नाही. कास्तकार क्विंटलनं विकतो आणि त्याच्या मालात सरकीही असते. गिरणी रुई विकत घेते ती खंडीनं, आणि एक खंडी म्हणजे ३५५.५६ किलो. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी आणि थोडी घट. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. रुईच्या या टक्क्याला उतारा म्हणतात. उतारा एका टक्क्यानं कमी-जास्त झाला की जिनवाल्याचा सगळा नफा जातो किंवा येतो, पण कास्तकाराला उताऱ्याप्रमाणे भाव कधीच मिळत नसे, ढिगाकडे बघूनच मिळे. शिवाय सरकीचा भाव असतो, तेलावर आणि पेंडीवर ठरणारा. रुई उतरली आणि सरकी चढली, तर कापसाचा भाव टिकू शकतो. एका सरकारी बैठकीत रुईच्या जागतिक भावाचा सुंदर आलेख दाखवून कापसाला किती भाव परवडेल हे सांगितलं जात होतं. मी विचारलं, सरकी कुठे आहे? ती हिशेबात धरलेलीच नव्हती.

महाराष्ट्रात १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. राज्यातला सगळा कापूस सरकारच्या वतीनं घ्यायचा, हमीभाव द्यायचा, खासगी व्यापाऱ्याला मज्जाव. योजनेमागचा हेतू चांगला होता, हे मी व्यापारी असूनही मानतो. त्याआधी गाडी घेऊन आलेल्या कास्तकाराला चार आडते मिळून कसं कोंडीत पकडत, हे जुन्या माणसांनी मला सांगितलेलं आहे. पण कापसाला राज्याची हद्द कळत नाही. बाहेर भाव चढला की पैनगंगा ओलांडून माल आदिलाबादला जाई, सातपुड्याच्या बाजूनं बुऱ्हाणपूरला, सेंधव्याला जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा माल रात्रीतून आमच्या संकलन केंद्रांवर येई. चांगल्या वर्षी योजनेला माल मिळत नसे आणि वाईट वर्षी तीन राज्यांचा तोटा एकाच तिजोरीवर पडे.

आदिलाबादच्या मार्केट यार्डात एकदा सकाळी उभा होतो. चारी बाजूंनी वऱ्हाडी बोली ऐकू येत होती. पांढरकवड्याकडच्या एका कास्तकाराला मी विचारलं, तिकडचा हमीभाव इथल्यापेक्षा फार कमी नाही, मग नदी ओलांडून, पोलिसांना चुकवत का आलात? तो म्हणाला, "तिकडं भाव चांगला लिवते जी, पन पैसा कवा देते थे नाही लिवत."

मुंबईला परतताना गाडीत मी हिशेब मांडला. समजा चुकारा चार महिने थकला आणि तोवर घर चालवायला त्यानं सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्यानं पैसे उचलले, तर बारा टक्के गेले. मग कागदावर दहा टक्के जास्त भाव मिळाला, तरी त्याच्या हातात नगद बाजारापेक्षा कमीच पडतं. तो अडाणी नव्हता आणि बेईमानही नव्हता. त्यानं व्याज धरलं होतं. पुढे सल्लागार झाल्यावर मी लिहिलेली पहिली टिपणी याच एका मुद्द्यावर होती: भाव वाढवण्याआधी चुकाऱ्याची तारीख बांधून द्या, आणि तारीख चुकली तर व्याज द्या. पहिली सूचना समितीनं मान्य केली. दुसरी गळली. तारीख बांधली गेली, आणि ती चुकल्याबद्दल कोणाच्याही खात्यावर काही पडणार नसल्यामुळे ती पाळली गेली नाही.

मला सरकारात बोलावणं आलं ते नव्वदच्या दशकात. पेढीत तोवर भागीदार झालो होतो. बाजारातल्या मित्रांना त्याचं कौतुक वाटलं, थोडी आशाही वाटली. आतली बातमी आधी कळेल, असं कोणी उघड म्हणालं नाही, पण चहा पाजणारे वाढले. समितीची एक बैठक अमरावतीला होती. मी बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका शेतकरी कार्यकर्त्यानं हात वर केला आणि विचारलं, "साहेब, तुमची पेढी आज रुई धरून बसली आहे की विकून मोकळी झाली आहे? ते आधी सांगा, मग तुमचा सल्ला ऐकतो."

सभागृहात शांतता पसरली. अध्यक्ष त्याला खाली बसवायला निघाले. मी त्यांना थांबवलं आणि पेढीकडे त्या दिवशी किती गाठी आहेत, कुठल्या भावाच्या आहेत, ते सांगितलं. मग सल्ला दिला. त्यानं वहीत दोन्ही लिहून घेतलं. त्या रात्री सर्किट हाउसवर मला झोप लागली नाही. प्रश्न उद्धट नव्हता. बाजारात आम्ही एकमेकांना रोज हाच प्रश्न विचारत होतो, समोरचा तेजीत आहे की मंदीत हे कळल्याशिवाय त्याच्या मताची किंमत ठरत नाही. सरकारी बैठकीत तो विचारणं असभ्य मानलं जात होतं, एवढाच फरक. त्या हंगामाअखेर मी भागीदारीतून बाहेर पडलो. घरच्यांना पटायला वेळ लागला. पण दोन्ही दगडांवर पाय ठेवून मला त्या माणसासमोर पुन्हा उभं राहायचं नव्हतं.

त्याच काळात मी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. आमच्या बाजारात हे नाव आदरानं घेतलं जाई. १८७९ साली मुंबईत जन्मलेले हे गुजराती व्यापारी, कापसाचे राजे म्हणून ओळखले जाणारे. १९२१ साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचे ते अनेक वर्षं अध्यक्ष होते. मला ओढ लागली ती त्यांच्या दुसऱ्या कामाची. इंग्रज सरकारनं १९२५ साली चलनाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोग नेमला, त्यावर ते सदस्य होते. याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीही साक्ष झाली होती. रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स ठेवावी, असा आयोगाचा कौल होता. पुरुषोत्तमदासांनी १९२६ च्या अहवालाला आपली भिन्नमतपत्रिका जोडली आणि दर १ शिलिंग ४ पेन्सच असावा असं मांडलं.

दोन पेन्सचा वाद आज ऐकायला किरकोळ वाटतो. पण हिशेब करून बघा. एक पौंड म्हणजे २४० पेन्स. लिव्हरपूलला एका पौंडाची रुई विकली, तर १६ पेन्सच्या दरानं इथे १५ रुपये येतात. १८ पेन्सच्या दरानं येतात १३ रुपये ५ आणे ४ पै. माल तोच, लिव्हरपूलचा भाव तोच, आणि पंधरातले पावणेदोन रुपयांच्या आसपास वाटेतच नाहीसे होतात. कास्तकाराचा सारा मात्र रुपयांत ठरलेला, सावकाराचं मुद्दल रुपयांत, व्याजही रुपयांत. त्यांतलं काहीच कमी होत नाही. पुरुषोत्तमदासांचा मुद्दा हाच होता की उंच दराचा बोजा शेवटी शेतकऱ्यावर आणि कर्जदारावर पडतो. आयोगाच्या बहुमतापुढे तो टिकला नाही, १९२७ च्या कायद्यानं १८ पेन्सचा दर पक्का झाला. दोन-तीन वर्षांत जागतिक मंदी आली, कापसाचे भाव कोसळले, आणि तरीही दर तोच राहिला. वऱ्हाड-खानदेशातल्या किती जमिनी त्या काळात सावकारांच्या नावावर गेल्या, हे तिथली म्हातारी माणसं सर्व्हे नंबरांसकट सांगत.

आता कोणी म्हणेल, ते स्वतः रुईचे व्यापारी, रुपया स्वस्त राहिला तर निर्यातीत त्यांचाच फायदा. खरं आहे. गिरणीमालकांनाही तोच दर हवा होता. अमरावतीच्या त्या कार्यकर्त्यानं पुरुषोत्तमदासांनाही तोच प्रश्न विचारला असता आणि तो योग्यच ठरला असता. मी यावर बराच विचार केला आहे. माझं मत असं, की हितसंबंध असणं हे सल्ला नाकारायला पुरेसं कारण होत नाही, पण सल्ला तपासायला ते नक्कीच पुरेसं आहे. पुरुषोत्तमदासांचा धंदा जगजाहीर होता. त्यांनी आपला हिशेब सही करून, छापील अहवालात, विरोधकाला आकडा न् आकडा पडताळता येईल असा मांडला. ते एकटे पडले आणि तरी त्यांनी कागद मागे घेतला नाही. पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली तेव्हापासून ते तिच्या केंद्रीय संचालक मंडळावर होते, आणि १९४४ साली टाटा, बिर्ला यांच्यासह ज्या आठ जणांनी बॉम्बे प्लॅन मांडला त्यांतले एक. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची ती योजना, आणि तीत सरकारनं अर्थव्यवस्थेत मोठा वाटा उचलावा असं भांडवलदार स्वतः म्हणत होते. माझ्यासाठी मात्र त्यांचं सगळ्यात मोलाचं काम ती एकट्याची भिन्नमतपत्रिकाच. माझ्या टेबलाच्या खणात तिची एक प्रत बरीच वर्षं होती.

अशी वाट चाललेला दुसरा माणूस अमेरिकेतला, विल क्लेटन. १९०४ साली ओक्लाहोमात सुरू झालेली त्यांची अँडरसन क्लेटन ही पेढी पुढे जगातली सगळ्यात मोठी रुईची पेढी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सरकारात गेले आणि परराष्ट्र खात्यात आर्थिक व्यवहारांचे प्रमुख झाले. १९४७ च्या मे महिन्यात युरोप पाहून परतल्यावर त्यांनी एक टिपण लिहिलं. शहरात घ्यायला पुरेसा माल नाही, म्हणून शेतकरी धान्य शहरात आणत नाही, जनावरांना घालतो, असं त्यांनी त्यात नोंदवलं होतं. ५ जूनला परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी हार्वर्डला जे भाषण केलं, ज्यातून मार्शल योजना निघाली, त्यात हा धागा आहे. मोडलेले पूल आणि पडलेल्या इमारती सगळ्यांनाच दिसत होत्या. देवाणघेवाणच थांबली आहे, हे बाजारातून आलेल्या माणसाला आधी दिसलं, याचं मला नवल वाटत नाही. आदिलाबादच्या यार्डात उभं राहिलेल्या कोणालाही ते दिसलं असतं.

एक अनुभव वेचणीचा. आपल्या रुईत कचरा फार, अशी परदेशी गिरण्यांची जुनी तक्रार आहे. काडीकचरा यंत्रानं निघतो. पण पोत्याचा धागा, प्लॅस्टिकची सुतळी, साडीचा रंगीत दोरा, केस, गुटख्याची पुडी, हे सुतात जातं, कापडात जातं आणि रंगवल्यावर डाग होऊन दिसतं. सन २००० मध्ये केंद्रानं कापसाचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यातून जिनिंग फॅक्टऱ्या पुष्कळ सुधारल्या, मार्केट यार्डांत पक्के ओटे आले. त्या सुमारास एका बैठकीत ठराव आला की वेचणाऱ्या बायकांचं प्रबोधन करावं, डोक्याला रुमाल बांधायला आणि सुती पिशवी वापरायला सांगावं.

मी त्याआधी यवतमाळकडे एका शेतात दिवसभर वेचणी बघत बसलो होतो. ओटीला जुन्या साडीची झोळी, दोन्ही हात बोंडांवर, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांवर उठलेले ओरखडे. मजुरी किलोवर. पत्ती झटकून, स्वच्छ कापूस वेचायचा तर दिवसाचे काही किलो कमी भरतात. म्हणजे स्वच्छतेचे पैसे ती बाई स्वतःच्या मजुरीतून देणार आणि त्याचा वाढीव भाव कोइम्बतूरची गिरणी जिनवाल्याला देणार. मधल्या कोणाकडूनही तो तिच्यापर्यंत खाली झिरपणार नाही. मी बैठकीत हे मांडलं आणि म्हटलं, प्रबोधन जरूर करा, पण स्वच्छ वेचणीला किलोमागे वेगळा दर कोण देणार, ते याच ठरावात लिहा. बराच वेळ चर्चा झाली. रुमालाचा भाग ठरावात राहिला. दराचा भाग पुढच्या बैठकीवर गेला आणि ती बैठक दुसऱ्याच विषयावर झाली. माझ्या सगळ्या सरकारी काळात मला सर्वांत जास्त दुःख झालेला प्रसंग हाच. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. त्या टेबलाभोवती बसलेल्या कोणालाच ती बाई आपल्या खात्यातली वाटत नव्हती.

सरकारी काम निष्फळ होतं, असं मात्र मला म्हणायचं नाही. तिथे मी अशी माणसं पाहिली जी रात्री नऊ वाजेपर्यंत फायलीत मान घालून बसत आणि एका आकड्यासाठी जिल्ह्याला तीन-तीनदा फोन करत. एका उपसचिवांनी माझ्याकडून उतारा कसा काढतात ते शिकून घेतलं आणि पुढे ते प्रत्येक प्रस्तावात सरकीचा वेगळा आकडा मागू लागले. व्यापाऱ्याला जे कधीच बघावं लागत नाही, ते मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं. पेढीला नको असलेलं गिऱ्हाईक सोडता येतं. सरकारला कोणालाच सोडता येत नाही. कोरडवाहू दोन एकरवाला, ज्याचा कापूस कवडी, म्हणजे डागी निघाला आणि कोणीच घेत नाही, तोही त्यांच्या दारात येतो आणि त्याच्यासाठी काहीतरी उत्तर असावंच लागतं. मला हे पटायला काही वर्षं गेली. पटल्यावर माझ्या टिपण्यांची भाषा बदलली.

आता मी तारकर्लीतच असतो. गावाचं रूप पालटलं आहे. घरोघरी निवास-न्याहारी, स्कूबा डायव्हिंगच्या बोटी, मे महिन्यात गाड्यांची रीघ. तरी मासेमारी आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आता पूर्वीइतकी माणसं जमत नाहीत, पण ओढली जाते आणि आलेल्या माशाचे वाटे पडतात. सुरुवातीला मी किनाऱ्यावर भाव विचारत हिंडायचो तेव्हा माझा चुलतभाऊ म्हणे, "तू कापसातलो माणूस, तुका माशातला काय कळतला?" कळायला वेळ लागला नाही. इथे व्यापारी जाळ्यासाठी, इंजिनसाठी आगाऊ रक्कम देतो आणि मग माशाचा भाव तोच ठरवतो. बर्फ संपत आला की भाव पडतो, कारण सुरमई वाट बघत नाही. वऱ्हाडात गाडीवर बसलेल्या कास्तकाराकडे निदान घरी परत न्यायचा पर्याय होता, मच्छीमाराकडे तोही नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या रिकाम्या दिवसांत यंदा गावातल्या काही तरुण मंडळींनी बोटींच्या डिझेलवरच्या कराच्या परताव्याबद्दल निवेदन लिहायला घेतलं आणि मसुदा माझ्याकडे आणला. पहिल्याच पानावर मागणी होती, परताव्याचा दर वाढवावा. मी म्हटलं, दर राहू दे, आधी दोन रकाने आखा. अर्ज कधी दिला आणि पैसे खात्यावर कधी आले. मधल्या महिन्यांत डिझेलसाठी कोणाकडून, किती टक्क्यांनी पैसे उचलले, तेही समोर लिहा. प्रत्येकानं आपापलं पासबुक आणायचं ठरलं.

बसलेल्यांत मासे सुकवणारी एक बाई होती. तिनं विचारलं, "बोट माझी नाय, परतावो माझो नाय. पण बोट नाय गेली तर माका सुकवक मासे खंयसून गावतले? माझा नाव खंय घालतलास?" त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तिसरा रकाना वाढवला: बोट बंद राहिल्यामुळे ज्यांचं काम बुडतं, त्यांची नावं आणि दिवस. तो भरायचं काम तिनं आणि तिच्या जावेनं अंगावर घेतलं आहे. देवबागकडच्या बायकांनाही विचारायचं असल्यामुळे निवेदन नारळी पौर्णिमेआधी पूर्ण होईलसं दिसत नाही.